वेळसुऱ्याची रेल आणि विहीणबाई

शर्मिष्ठाबाई रुमालाआड हसल्या, बेबीबाईंचा खरा राग त्यावर होता.

हसायचं तर माणसानं तोंड उघडून हसावं. दात दिसू द्यावेत, मांडीवर थाप मारावी. समोरच्याला निदान कळतं तरी, की हे मलाच हसतायत, आणि मग त्यालाही एखादी शिवी हासडून मोकळं होता येतं. पण या बाईनं काय केलं? भर जेवणात, साखरपुड्याची बोलणी चालू असताना, गुलाबाची फुलं छापलेला कागदी रुमाल उचलला, ओठांवर ठेवला, आणि खांदे हलवले. नुसते खांदे! वर डोळे मिटून म्हणाली, "पनीर घ्या ना, ताई."

बेबीबाई बोलल्या होत्या ते काही जगावेगळं नव्हतं. लेक प्रिया उत्तरेतल्या याच शहरात, इंदिरा नगरच्या या घरात जायची होती, शर्मिष्ठाबाईंच्या आर्यनला. दोघांनी आपापसात ठरवलेलं, दोन्ही घरांनी मान डोलावलेली. जेवताना गाव निघालं, गावावरनं कोकण निघालं, आणि बेबीबाई सहज म्हणाल्या, "आमच्या वेळसुऱ्याला माझ्या लहानपणी दारातनं रेल जायची. समुद्राच्या काठाकाठानं, पार तांबळ बंदरापर्यंत."

"ताई, कोकणात रेल्वे आली नव्वदच्या पुढे," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, नागपूरकडच्या. "तुमच्या लहानपणी कुठून येणार?"

आणि मग तो रुमाल.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत परत आल्या आल्या बेबीबाईंनी उंबऱ्यातूनच जाहीर केलं, "ती बाई चारचौघांत आपलं हसू परत घेत नाही, तोवर मी अमीनाबादेच्या कापडबाजारात पाय ठेवणार नाही."

प्रियानं कपाळावर हात मारला. "आई, हद है! लग्नाच्या साड्या राहिल्यात सगळ्या!"

"मग राहू देत."

राहू देत म्हणजे काय, तर लग्नच राहू देत. कारण या घरात बेबीबाईंनी अंगठा आणि बोट यांत धरून चोळल्याशिवाय हातरुमालसुद्धा विकत आलेला नव्हता. अमीनाबादेतले दुकानदार त्यांना लांबून बघून दुय्यम गठ्ठे आत ढकलत.

त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. पुढचं सगळं शिक्षण नवऱ्याच्या मागे रेल्वेच्या क्वार्टरांतून फिरताना झालं. दत्तू गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. पण एवढ्या मुलखांतून, एवढ्या शेजारणींतून, बेबी खोटं बोलली असं कुणी म्हणून दाखवावं! मीठ घालून सांगत असत, ते खरं. पण भाजी असल्याशिवाय मीठ घालत नसत. आणि आता लेकीच्या सासरी कायमचं नाव पडणार: ती फेकणारी म्हातारी. उद्या लेक काही खरं सांगायला गेली, तरी ती बाई रुमाल शोधणार.

"चंदू," त्यांनी मुलाला फर्मावलं, "माझी रेल शोधून काढ."

चंद्रशेखर रेल्वेच्या संशोधनाच्या कचेरीत इंजिनीअर होता. त्याचा विषय ब्रेक. अख्ख्या देशाच्या गाड्या थांबवायचं काम माझा मुलगा करतो, असं बेबीबाई सांगत, आणि हे मीठ जरा जास्त होतं. त्यानं इकडेतिकडे विचारलं, जुने नकाशे पाहिले, कोणत्या बनावटीचं इंजिन तिथं गेलं असेल म्हणून ओळखीच्या म्हाताऱ्यांना फोन केले, आणि एका संध्याकाळी पडेल चेहऱ्यानं चहाला बसला.

"आई, रेकॉर्डमध्ये नाहीये गं."

"रेकॉर्डमध्ये तू तरी कुठं होतास? तुझा जन्माचा दाखला शाळेत घालताना काढला. तोवर काय तू नव्हतास?"

यावर देशाच्या गाड्या थांबवणारा मुलगा थांबला.

रविवारी आर्यन आला. रुमालवालीचा मुलगा असूनही बरा होता, कारण येताना खरबुजं आणली होती आणि पायाही पडला. मराठी त्याला सगळं समजायचं. तोंडातून मात्र हिंदीच यायचं.

"आंटी, सॅटेलाइट से देखते हैं ना. ऊपर से सब दिखता है." असं म्हणून त्यानं आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला.

टीव्हीवर आधी अख्खी पृथ्वी आली, मग ती अंगावर धावून आली. बेबीबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. खाली मुंबई गेली, अलिबाग गेलं, निळं पाणी आणि हिरवं रान एकमेकांच्या मागे पळायला लागलं.

"हळू, मेल्या! वेळसुरं मागं राहिलं!"

आर्यन मागं आला. खाडी आली, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आला, आणि बेबीबाई उभ्याच राहिल्या. चष्मा पुसून टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की प्रियाला त्यांची पाठच दिसायला लागली.

"ही शाळा. ही आमची वाडी. हा कोण मेला, गच्चीवर निळी टाकी लावून बसलाय? ही जागा तर शेवंताच्या घराची."

"आई, रेल," चंद्रशेखर म्हणाला.

"बघ की मग. मी काय बोट धरून दाखवू?" आणि त्यांनी बोटच धरून दाखवलं. सुरूच्या बनातून, कोळंबीच्या तळ्यांच्या कडेनं, एक फिकट रेघ चालली होती. मध्ये झाडं उगवली होती, एका जागी कुणी घर बांधलं होतं, तरी रेघ घराच्या पलीकडून परत निघून तशीच पुढे.

चंद्रशेखरच्या हातातला कप तसाच राहिला. "समुद्राकाठी सरळ काही नसतं," तो हळूच म्हणाला. "पायवाट वळते. बांध वळतो. सरळ फक्त रेल्वेवाला जातो."

रेघ खाडीशी आली आणि बुडाली. पाण्यात काळे ठिपके होते, एका ओळीत.

"खांब!" चंद्रशेखर ओरडला. "पुलाचे खांब! आई!"

"मधला मोडकाय ना? त्याच्यावर बगळा बसायचा."

"आंटी, बगुला तो नहीं दिख रहा," आर्यन गंभीरपणे म्हणाला.

"उन्हाचा घरी गेला असेल."

आता घरात नुसता गोंधळ. चंद्रशेखर चाळिशीला टेकलेला माणूस, पण नव्या बुटांच्या पोरासारखा सोफ्यापासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून सोफ्यापर्यंत चालायला लागला. हे कुणी टाकलं? कशासाठी? कधी बंद पडलं? बेबीबाईंना असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. त्यांनी पाय वर घेतले आणि सुरुवात केली.

वेळसुऱ्याच्या डोंगरात लाल दगड निघायचा. त्यांच्या जन्माच्या आधी कुठलीशी कंपनी आली, तिनं डोंगर फोडला, दगड तांबळच्या धक्क्यावर न्यायला रूळ टाकले. रुळावर लोखंडी डबे. बेबीबाईंचे वडील, नरहर, त्या रुळांच्या टोळीत होते. दगड भरून जहाजं जायची. मग एक दिवस दगड संपला, की कंपनीचा जीव संपला, कोण जाणे. साहेब गेले, कारकून गेले, बैल गेले.

"आणि इंजिन?" चंद्रशेखरनं विचारलं. "मला तेच कळत नाहीये. शेड दिसत नाही, पाण्याची टाकी नाही. आई, इंजिन पाणी कुठं प्यायचं?"

"कुठलं इंजिन?"

चंद्रशेखरनं कप टेबलावर आपटला, चहा सांडला. 

"आई, तू रेल म्हणालीस."

"मग रेल नाही तर काय? रूळ होते. चाकं होती. रुळांवरनं चाकं जात होती. कंपनीच्या वेळी बैल ओढायचे. इंजिनाचं नाव माझ्या तोंडून कुणी ऐकलं? तुम्ही रेल्वेवाले ना, आधी इंजिन शोधता, मग गाडी! म्हणून सापडत नाही."

चंद्रशेखरनं डोकं धरलं. इतके दिवस तो इंजिनाच्याच मागं होता. "पण कंपनी बैल घेऊन गेली म्हणालीस. तुझ्या लहानपणी मग गाडी चालायची कशावर?"

"वाऱ्यावर," बेबीबाई म्हणाल्या. "शीड लावून."

आधी प्रियाला हसू फुटलं. बेबीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "जा, तूपण रुमाल आण."

पण खरंच तसं होतं. कंपनीनं बैल नेले आणि रूळ ठेवले, कारण बैल आपल्या पायांनी जातात आणि रूळ उचलावे लागतात. एका डब्याचा आस मोडला होता म्हणून तो टाकून दिलेला. नरहरनं तो दुरुस्त केला, वरचं लोखंड काढून फळ्या ठोकल्या, मध्ये बांबू उभा केला, आणि कोळीवाड्यातून होडीचं जुनं शीड मागून आणलं. मग काय! मासळीच्या पाट्या, बाळंतिणी, शाळेचे मास्तर, नव्या नवऱ्या, सगळं त्या डब्यावर. दत्तू मुलगी बघायला आले ते तांबळहून त्याच गाडीनं. वाटेत टोपी समुद्रात गेली, पोटातलं सगळं वाळूत गेलं, आणि खाली उतरायला मिळतंय एवढ्यावर त्यांनी मुलगी न बघताच पसंत म्हणून सांगितलं.

"वारा समुद्राकडून येणार," चंद्रशेखर बोटानं टेबलावर सांडलेल्या चहात रेघा ओढायला लागला. "रूळ किनाऱ्यानं. म्हणजे वारा आडवा. बाजूनं. पण डबा बाजूला सरकू शकत नाही, रूळ धरून ठेवतात... मग तो पुढंच जाणार! आई, आणि परत येताना?"

"त्याच वाऱ्यात परत. शीड फिरवायचं की झालं."

"दोन्हीकडे, एकाच वाऱ्यात!" चंद्रशेखरनं चहात हात आपटला. "होऊ शकतं! होऊ शकतं रे आर्यन!"

आणि इथं आर्यननं घोटाळा केला. आनंदाच्या भरात त्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर. "मम्मी! आंटी की ट्रेन मिल गई! सच में थी! पाल से चलती थी!"

"कशानं?"

"पाल! शीड! जैसे नाव में होता है!"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. कागदी रुमालाला आवाज नसतो. पण बेबीबाईंना तो लख्ख ऐकू आला.

त्यांनी फोन हिसकावून घेतला. "विहीणबाई, उद्या दुपारी चारला इकडे या. डोक्याला ओला पंचा गुंडाळून या, गरम वाऱ्याची लू लागेल. आणि येताना रुमाल आणू नका."

"ताई, अहो, राग मानू नका. पण रेल्वेला शीड? आडव्या वाऱ्यावर? आणि त्याच वाऱ्यानं परत?" शर्मिष्ठाबाईंचा श्वास अडकत होता. "तसं काही चाललं ना, तर मी स्वतः बसेन त्याच्यावर. शब्द माझा."

"ऐकलंत सगळ्यांनी," बेबीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी चंद्रशेखरनं रजा टाकली. रूळ आणायचे कुठून, हा पहिला प्रश्न. रूळ तर कचेरीच्या अंगणात हवे तेवढे होते, पण "तिथं तू शीड लावलंस तर माझी नोकरी वाऱ्यावर जाईल," असं त्यानं हात जोडून सांगितलं. तेवढ्यात गल्लीत हाक आली, "खरबूजा ले लो, मीठा खरबूजा!"

बेबीबाई खिडकीत गेल्या आणि ठेल्याकडे बघतच राहिल्या. चार सायकलची चाकं, वर फळ्यांचा पाट. चाकं वळत नाहीत. भैयाला वळायचं असलं की तो अख्खा ठेला उचलून फिरवतो. जिकडं तोंड तिकडंच जाणार. आणि क्वार्टरांच्या मागची गल्ली सरळसोट, कडुनिंबापासून बॅडमिंटनच्या मैदानापर्यंत. एका अंगाला मोकळं माळरान. तिकडूनच ती भट्टीसारखी पछुआ, म्हणजे पश्चिमेची हवा, आडवी येऊन रोज त्यांच्या दोरीवरचे कपडे पळवायची.

"भैया," त्यांनी वरून हाक दिली, "ये ठेला आज हमको चाहिए. खरबूजे समेत."

चार वाजले. शर्मिष्ठाबाई गाडीतून उतरल्या. पांढराशुभ्र चिकनकारीचा कुर्ता, काळा गॉगल, आणि मागून छत्री धरून त्यांचे यजमान उल्हासराव, जे सहसा बोलत नसत आणि आजही बोलले नाहीत. कॉलनीतल्या बायका गॅलऱ्यांत आल्या होत्या. मुलं भिंतीवर. ठेल्याच्या मध्यभागी आंबे पाडायची लग्गी खरबुजांत घट्ट रोवून बांधली होती.

"शिडाला कापड हवं असेल तर माझी ओढणी घ्या," शर्मिष्ठाबाई गोड आवाजात म्हणाल्या.

बेबीबाईंनी ओढणी अंगठा आणि बोट यांत धरून चोळली. "काम सुरेख आहे. पण भोकांचं शीड असतं का कुठं?" आणि त्यांनी आपली दोसुती चादर काढली. अमीनाबादेत तीन दुकानदारांना रडवून आणलेली, वाघाच्या कातड्यासारखी जाड. लग्गीला आडवा बांबू, त्याला चादर, खालच्या टोकाला दोरी. दोरी त्यांनी स्वतः ठेल्याच्या कडेला बांधली. वडील सुरगाठ मारायचे हे त्यांना आठवत होतं. पण एवढे लोक बघतायत आणि गाठ सुटली तर? त्यांनी निरगाठ मारली, वर आणखी एक मारली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"आधी चालू तर द्या..."

"शब्द तुमचा."

गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शर्मिष्ठाबाई बसल्या, खरबुजांच्या मधोमध, मांडी घालून. पुढे बेबीबाई, हातात दोरी.

आणि वारा पडला.

पानसुद्धा हलेना. चादर लोंबकळायला लागली, म्हशीच्या कानासारखी. सकाळपासून घरांची दारं आपटणारी ती मेली लू नेमकी कुठं जाऊन बसली होती, देव जाणे.  प्रिया ओठ चावत उभी. चंद्रशेखर ओला अंगठा हवेत धरून. बेबीबाई समोर बघत होत्या, मागं वळत नव्हत्या, कारण मागं पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला होता. आता रुमाल निघणार. आता ही लेकीच्या लग्नात, बारशात, जन्मभर...

माळावर धूळ उठली.

चादर फटकन भरली, लग्गी कुरकुरली, आणि ठेला निघाला. आधी हळू, विचार करत. मग विचार न करता. वारा बाजूनं, ठेला पुढं! कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. गॅलऱ्यांत एकच आरडाओरड. भैया डोक्याला हात लावून, "अरे अम्मा! अम्मा, हमारा ठेला!" म्हणत पळत सुटला. एक एक खरबूज उडी मारून खाली उतरायला लागलं.

"ताई! ताई, चाललं हो! चाललं!" मागून शर्मिष्ठाबाईंनी बेबीबाईंच्या कमरेला मिठी मारली.

"चालणारच! माझ्या बापानं चालवलंय!"

चंद्रशेखर बाजूनं धावत होता. डोळ्यांत पाणी, धुळीचं की कशाचं. मग एकाएकी त्याचा चेहरा बदलला. "आई! ब्रेक!"

"कसला ब्रेक?"

आयुष्यभर ब्रेकवर काम करणाऱ्या माणसानं ब्रेक लावलाच नव्हता.

"आजोबा कसे थांबवायचे?"

"दोरी सोडायचे!"

"मग सोड!"

बेबीबाईंनी दोरी ओढली. निरगाठ. दातांनी धरली. वर आणखी एक निरगाठ. "मी मुद्दाम घट्ट बांधलीय!" त्या ओरडल्या. "मध्ये थांबायचं नाही म्हणून!"

गल्ली संपली. मैदान आलं. मैदानात बॅडमिंटनचं जाळं ताणलेलं, दोन पोरं रॅकेटी टाकून पळाली, आणि ठेला, चादर, लग्गी आणि दोघी विहिणी सरळ त्या जाळ्यात. जाळं ताणलं, ताणलं, एका खांबासकट वाकलं, आणि त्यांना कुशीत घेऊन थांबलं. शेवटचं खरबूज मात्र थांबलं नाही, ते एकटंच पुढं गेलं.

धूळ खाली बसली. प्रिया धावत आली. "आई! काकू! लागलं का?"

जाळ्यात शर्मिष्ठाबाई पडल्या होत्या. गॉगल एका कानाला, केस सगळे सुटलेले, पांढऱ्या कुर्त्यावर खरबुजाचा गर. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि हसल्या. कसल्या हसल्या! सोन्याचा दात दिसला, आवाज फाटला, श्वास पुरेना तेव्हा बेबीबाईंच्या मांडीवर थापा मारल्या. उल्हासराव छत्री मिटून म्हणाले, "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा," आणि पुन्हा गप्प झाले.

"होती!" शर्मिष्ठाबाई गॅलऱ्यांकडे हात करून ओरडल्या. "वेळसुऱ्याला रेल होती! सगळ्यांनी ऐका, होती, होती, होती!" मग बेबीबाईंचा दंड धरला. "ताई, आता परत. तुम्हीच म्हणालात ना, त्याच वाऱ्यानं परत? चला, फिरवा शीड."

बेबीबाईंनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. विहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं कापड पाहतात तसं. तिच्या कुर्त्याची बाही अंगठा आणि बोट यांत धरून चोळली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही वाईट नाही, नुसत्या नागपूरच्या आहात. समुद्र पाहिला नाही, त्याला तुम्ही काय करणार? त्या दिवशी रुमालाआड हसलात ते मी विसरले असं समजू नका, ते लग्नाच्या पंगतीत वसूल करीन. पण आज हसलात ते माणसासारखं. पोरगी सुखात राहील तुमच्याकडे. उद्या सकाळी अमीनाबादेत जाऊ, रिक्षात माझ्याशेजारी तुम्ही बसायचं. आता जरा सरका, आणि ती गाठ तुमच्या दातांनी सोडा बघू."